फेलिक्सच्या पाटीवर मेस्मरचं नाव हवं

मिकी माऊसचा वाढदिवस दर नोव्हेंबरात थाटात साजरा होतो. त्याच महिन्यात, पण मिकीच्या नऊ वर्षं आधी, १९१९ साली ‘फेलाइन फॉलीज’ या मूक कार्टूनपटातून एक काळा बोका पडद्यावर आला होता. पहिल्या दोन चित्रपटांत त्याचं नाव मास्टर टॉम. तिसऱ्यात तो फेलिक्स झाला आणि पुढची काही वर्षं जगातला सर्वांत लाडका कार्टून प्राणी ठरला.

स्टुडिओ होता न्यूयॉर्कमधल्या पॅट सलिव्हन या ऑस्ट्रेलियन माणसाचा, पण बोका चितारत होता ऑटो मेस्मर. मेस्मरनं त्याआधी चॅप्लिनवरच्या कार्टूनपटांचं काम केलं होतं. शब्दांशिवाय नुसत्या देहबोलीतून मन कसं दाखवायचं, ते तो तिथे शिकला. अडचण आली की फेलिक्स हात पाठीमागे घेऊन, मान खाली घालून येरझाऱ्या घालतो. डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटतं, तर तेच उचलून त्याचा आकडा करतो. शेपटी सुटी होते, हवं ते हत्यार बनते. हा बोका विचार करतोय, हे प्रेक्षकाला दिसायचं. माझ्या मते त्याच्या कीर्तीचं मूळ इथेच आहे. बाकी अंगभर काळा रंग ही बरीचशी कामाची सोय होती. आतल्या रेषा काढाव्या लागत नसत.

१९२८ मध्ये अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं दूरचित्रवाणीच्या चाचण्यांसाठी फेलिक्सचाच कागदी लगद्याचा पुतळा फिरत्या तबकडीवर ठेवला. प्रखर दिव्यांखाली माणूस तासन्‌तास उभा राहू शकत नव्हता. त्याच वर्षी मिकी आवाजासह आला. सलिव्हननं बोलपट स्वीकारायला उशीर केला आणि फेलिक्स मागे पडला. १९५८ पासून टीव्हीवर जादूच्या पिशवीसह आलेला फेलिक्स मात्र जो ओरिओलो या ॲनिमेटरनं घडवलेला. तो बराच वेगळा.

मूकपटांच्या पाटीवर नाव झळकलं ते फक्त सलिव्हनचं. १९३३ मध्ये तो वारला, तरी मेस्मरनं स्वतःचा हक्क गाजवला नाही. नंतर टाइम्स स्क्वेअरच्या हलत्या दिव्यांच्या जाहिरातींसाठीही तो चित्रं काढत राहिला. जॉन केनमेकरसारख्या अभ्यासकानं १९७७ मध्ये त्याच्यावर माहितीपट केला, तेव्हा मेस्मर ऐंशी ओलांडून गेला होता. ऑस्ट्रेलियात काही जण आजही फेलिक्सचा कर्ता सलिव्हनच, अशी बाजू मांडतात. मला ती पटत नाही. स्टुडिओ चालवणं हे मोठं काम खरंच, पण त्या येरझाऱ्या मेस्मरच्या पेन्सिलीतून आल्या. ‘फेलाइन फॉलीज’वर अमेरिकेत आता कुणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. तो दाखवणाऱ्या प्रत्येक फिल्म सोसायटीनं, प्रत्येक महोत्सवानं सुरुवातीलाच एक पाटी जोडावी: चित्रं, ऑटो मेस्मर.