सेवाग्रामचं अंगण, अकोल्याचा प्लॉट

आमच्या भागात नवं घर बांधून झालं की उरलेल्या जागेसाठी पहिली गाडी येते ती पेव्हर ब्लॉकची. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत सगळं झाकून टाकायचं, आणि मग त्यावर कुंड्या मांडून म्हणायचं, ही आमची बाग. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा हे अंगण रात्री दहापर्यंत भट्टीसारखं धगधगत असतं. कुंडीतली मुळं शिजून निघतात. अमरावतीतल्या नव्या लेआउटमध्येही तेच चित्र आहे. झाड लावायला जागा नाही, अशी तक्रार करणाऱ्यांची जागा त्यांच्याच पायाखाली गाडलेली असते.

आमचं घर यंदा बांधून झालं. पुढे थोडी, मागे थोडी आणि पश्चिमेला जरा बरी म्हणावी इतकी जागा राहिली. तिचं काय करायचं हा प्रश्न घेऊन मी होळीनंतर वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमात गेले. बाग बघायला सेवाग्रामला कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. बघण्यासारख्या बागा कमी नाहीत. छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचं औरंगाबाद) बीबी का मकबरा म्हणजे मोगली चारबागेचा मराठी मुलखातला सर्वांत सुंदर नमुना. आमचं चिखलदरा तर हजार मीटरच्या वर, तिथे कॉफी पिकते. दोन्ही मी डोळे भरून पाहिलेत. पण चारबागेला कारंज्यांचं आणि पाटांचं पाणी लागतं, चिखलदऱ्याला धुकं लागतं. माझ्याकडे काळी माती, खारं पाणी आणि ऊन आहे. त्यातली माती आणि ऊन वर्ध्यातही तेच. अशा जमिनीवर, अशा उन्हात विचारपूर्वक वसवलेलं घर बघायचं, तर आपल्या जवळचं ठिकाण हेच.

अकोल्याहून बडनेरा, धामणगाव, पुलगाव करत वर्धा येतं. मार्चमध्ये रुळांच्या कडेने पळस फुललेला असतो. वर्ध्यापासून आश्रम आठेक किलोमीटर. त्या रस्त्यावरची जुनी झाडं २०२० मध्ये रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली, तेव्हा वर्ध्यातले लोक त्यांच्यासाठी उभे राहिले. ती सावली ओलांडत जाताना त्या माणसांचे आभार मानावेसे वाटतात.

गांधीजी इथे राहायला आले ते १९३६ मध्ये. तेव्हा हे शेगाव होतं. आपल्या बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला, म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. जमीन जमनालाल बजाजांची. घरं स्थानिक सामानातून आणि स्थानिक कारागिरांकडूनच बांधायची, ही गांधीजींची अट होती. माती, बांबू, सागाची लाकडं, वर कवेलू. पण मी घरं बघत नव्हते, घरांच्या मधलं बघत होते. आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, महादेवभाईंची कुटी, परचुरेशास्त्र्यांची कुटी, सगळ्या एकमेकींपासून सुट्या, आणि मध्ये मोकळी जमीन. तिच्यावर बारीक खडी पसरलेली, कडेने झाडं. फुलांचे ताटवे शोभेला मांडलेले नाहीत. हिरवळ नाही. तरी त्या आवारात पाय टाकला की डोळ्यांवरचं ऊन उतरतं.

काळ्या जमिनीत राहणाऱ्याला खडीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. पावसात ही माती फुगते, चपलेला किलोकिलोने चिकटते. उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंतीच्या कडेला तशीच सोडली तर घराच्या पायालाही त्रास देते. त्यावर आपल्या जुन्या लोकांचा उपाय मुरुमाचा. मुरूम टाकायचा, चोपायचा, वर बारीक खडी. पाणी मुरतं, चिखल होत नाही आणि संध्याकाळी एक शिंपण घातलं की जमीन निवते. पेव्हर ब्लॉक घालणाऱ्याला चिखलच नको असतो ना? तो मुरमानेही टळतो, आणि मातीचा श्वास चालू राहतो. खर्चही कमी.

आवारातला पिंपळ गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला, बकूळ कस्तुरबांनी. पिंपळ शहरातल्या प्लॉटमध्ये लावू नये. त्याची मुळं भिंत आणि नाली दोन्ही शोधत येतात, त्याला देवळाची नाहीतर गावाच्या पाराची जागा हवी. बकूळ मात्र मी मनाशी पक्की केली. ती सावकाश वाढते, म्हणून लोक टाळतात. पण वर्षभर पानं धरते, सावली दाट देते, आणि एकदा रुजली की आपल्या उन्हाला दाद देत नाही. फुलं वाळली तरी वास राहतो. आमच्या घराची पश्चिमेची भिंत दुपारी तीन ते सहा तापते. बकूळ तिथेच लागेल. मोठी व्हायला वर्षं लागतील हे मला मान्य आहे. तोवर बांबूच्या मांडवावर दोडका आणि वाल चढतील. बापू कुटीच्या खोल ओसरीत उभं राहिल्यावर लक्षात येतं की छपराची पाख खाली उतरली की ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही. सिमेंटच्या घराला आता पाख लावता येत नाही. पानांची लावता येते.

बापू कुटी आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेनची होती. भिंतींवर मातीने उठाव देऊन काढलेली ताडामाडाची झाडं तिच्या हातची. इंग्लंडमधल्या नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी आजोळच्या मोठ्या ग्रामीण इस्टेटीवर वाढलेली, झाडं आणि घोडे यांच्या सहवासात. १९२५ मध्ये ती भारतात आली आणि गांधीजींच्याही आधी या गावात येऊन राहिली. इंग्रजी घरबागांची सगळी रीत तिने लहानपणी पाहिलेली असणार. इथे तिने ती आणली नाही. हिरवळीचा तुकडा लावायचा मोह झाला असता, तर या आवारात सर्वांत आधी तिला. तिने झाड भिंतीवर काढलं, आणि जमीन जशी आहे तशी ठेवली. मला हे फार मोलाचं वाटतं. विदर्भातल्या बंगल्यांपुढची लॉन पाहिली की जीव कळवळतो. शेजारच्या मोहल्ल्यात टँकर येतो आणि इथे गवताला रोज दोन वेळा पाणी.

खताची गोष्ट मुद्दाम सांगते. सेवाग्रामच्या आधी गांधीजी वर्ध्यातच मगनवाडीत राहत होते. ती जमनालालजींची फळबाग आणि बागेतलं घर. जे. सी. कुमारप्पांच्या ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चाले. १९३५ मध्ये गांधीजी इंदूरला गेले, तेव्हा अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथल्या संस्थेत घडवलेली खताची पद्धत त्यांनी पाहिली, आणि आपल्या 'हरिजन' साप्ताहिकातून कंपोस्टचा विषय लावून धरला. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. करायला अगदी सोपी. वाळला पाचोळा, हिरवा पाला, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर, ओल कायम आणि तीन वेळा खालीवर. तीन महिन्यांत खत तयार. आपल्या शेजारच्या माळव्यात जन्मलेली पद्धत आपण विसरलो. आपल्याकडे कडुनिंबाची पानगळ झाली की सकाळी सातला गल्लीगल्लीत धूर. मी गेले तेव्हा आश्रमातही पानगळ चालू होती. झाडून गोळा केलेला पाचोळा एका कडेला रचलेला दिसला. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, हा जाळता का? त्या म्हणाल्या, "जाळू कायले ताई, मातीचंच हाय ते, मातीत जाते."

मगनवाडीच्या दिवसांत गांधीजींनी कच्च्या पालेभाज्यांचे प्रयोग केले आणि त्यावर लिहिलंही. मुळ्याचा, गाजराचा, मोहरीचा पाला आपण फेकतो, तो खावा, असं त्यांचं म्हणणं. वऱ्हाडी माणसाला हे पटायला जड नाही. अंबाडी, चिवळ, घोळ, पोकळा, तरोटा ही आपलीच माणसं. यातल्या बऱ्याच भाज्यांना बियाणंसुद्धा विकत घ्यावं लागत नाही. माझ्या मागच्या वाफ्यात ब्रोकोली येणार नाही. चिवळ येईल, कारण ती उन्हात पसरते आणि थोड्या पाण्यावर भागवते. भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी तिला पुरेल. साबणाचं पाणी मात्र वाफ्यात सोडायचं नाही.

आता पाणी. अकोल्याच्या वाचकांना खारपाणपट्टा समजावून सांगणं म्हणजे त्यांच्या जखमेवर त्यांच्याच बोअरचं पाणी ओतणं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत भूगर्भातलं पाणी खारं आहे. ते झाडाला घातलं की पानांच्या कडा करपतात आणि मातीवर पांढरी पापडी धरते. सेवाग्रामला हा शाप नाही, तेव्हा इथे उत्तर आपलं आपण काढायचं. गच्ची शंभर चौरस मीटर धरा, पाऊस साडेसातशे मिलिमीटर. गच्चीवर पडतं पंचाहत्तर हजार लिटर गोडं पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं तरी साठ हजार उरतं. ते आपण नालीत सोडतो आणि जानेवारीपासून टँकरवाल्याचा नंबर शोधतो. टाकीत मावेल ते उन्हाळ्यासाठी साठवायचं, उरलेलं बकुळीच्या आळ्यात आणि मुरमाखाली मुरवायचं. पावसाचं गोडं पाणी मुरलं की मुळांजवळचा क्षारही खाली धुतला जातो. अंगण उघडं ठेवण्याचं हे दुसरं कारण.

किशोर निवासापाशी मी जरा जास्त थांबले. गांधीजींचे सहकारी किशोरलाल मश्रुवाला इथे राहत. त्यांनी काही काळ आपल्या अकोल्यात वकिली केली होती. त्यांची पुतणी सुशीला आणि गांधीजींचे चिरंजीव मणिलाल यांचं लग्न मार्च १९२७ मध्ये अकोल्यातच झालं. गांधीजींनंतर 'हरिजन' किशोरलालांनी १९५२ पर्यंत, मृत्यूपर्यंत चालवलं. दम्याने पोखरलेला हा माणूस या आवारात राहिला आणि लिहीत गेला. या घराशी आपलं नातं आहे, हे अकोल्यातल्या शाळांमध्ये सांगायला हवं. सहली तिकडे गेल्या पाहिजेत.

आश्रमात साप धरायचा चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. साप मारायचा नाही, धरून दूर सोडायचा. मोकळी माती आणि पाचोळा ठेवला की धामण, नाग येणार, ही भीती मला शेजारच्या बायकांनी आधीच घातली आहे. त्यावर माझं उत्तर इतकंच की खताचा खड्डा दारापासून दूर, अंगण रोज झाडलेलं, आणि सर्पमित्राचा नंबर फ्रीजवर.

परत आल्यावर शेजारचे काकाजी नकाशा बघायला आले. मी आंबा, सीताफळ, लिंबू, कढीपत्ता, पारिजात असं सगळं कागदावर बसवत होते. त्यांनी चष्मा वर केला. "इतकी झाडं लावसान तं उन्हाळ्यात खाट कोठी टाकसान?" सेवाग्रामच्या आवाराने जे दिवसभर दाखवलं होतं, ते त्यांनी एका प्रश्नात विचारलं. तिथल्या प्रार्थनाभूमीवर काहीच बांधलेलं नाही. वर आभाळ आणि खाली खडी. आजही सकाळ-संध्याकाळ लोक तिथे बसतात. बागेत आधी बसायची जागा ठरते, मग झाडांची. आंबा आणि पारिजात मी खोडले.

आता ठरलं आहे ते असं. खड्डे मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्यायचे. मृगाचा पाऊस नीट पडला की पश्चिमेला बकूळ, मागे लिंबू, सीताफळ आणि कढीपत्ता. रोपं इथल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत बघायची. पुढच्या अंगणात मुरूम. गाडीसाठी फरशीच्या दोन पट्ट्या, चाकापुरत्या, मधली जमीन उघडी. पेव्हर ब्लॉकवाल्याला घरातून फोन करून नाही म्हणून सांगितलं आहे. त्याने विचारलं, मग अंगणात काय टाकणार? पुढच्या आठवड्यात मुरमाची ट्रॉली येते आहे.