धवलारणीचा आवाज

आगरी-कोळी समाजाच्या लग्नांत धवलारीण धवले गाते. ही गीते बहुधा मुखोद्गत असतात. म्हणून गाणारी गेली, की तिच्याबरोबर काही गीतेही जातात. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली पडद्यावर आला, तेव्हा चित्रपट मुका होता. आज चित्र व ध्वनी दोन्ही टिपण्याचे सामर्थ्य हातातल्या मोबाइलमध्ये आहे. मोरा बंदरावरील मुलांनी त्याच्या साहाय्याने धवल्यांची चित्रफीत अवश्य करावी. मात्र यंत्रातील तयार ढोल-ताशा तिच्या आवाजावर चढवू नये. त्याखाली शब्द बुडतात. आधी तिची अनुमती घ्यावी, शब्द अर्थासह लिहून घ्यावेत आणि चित्रफितीत तिचे नाव द्यावे. यंत्र तिचा आवाज राखील. तिचा मान मुलांनीच राखला पाहिजे.