विश्लेषण : बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचा सर्जन निवडताना काय विचाराल?

‘नऊ महिन्यांत ४८ किलो कमी’, ‘इन्सुलिन कायमचे बंद’. डावीकडे जुना फोटो, उजवीकडे नवा. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेविषयी मोबाइलवर एकदा शोध घेतला, की पुढचे काही आठवडे अशा रील्स पाठ सोडत नाहीत. गेल्या वर्षी माझ्या ताईसाठी सर्जन शोधताना मीही त्या शेकड्याने पाहिल्या. तिचे वजन १०४ किलो, उंची १५८ सेंटीमीटर, म्हणजे बीएमआय ४१ च्या पुढे. जोडीला सहा वर्षांचा मधुमेह आणि जिना चढताना कुरकुरणारे गुडघे. शस्त्रक्रिया करावी की नाही, हा प्रश्न तिच्या मधुमेहतज्ज्ञांशी बोलून सुटला होता. ती कोणाकडून करून घ्यायची, हे ठरत नव्हते. त्याचे उत्तर फोटोंत नसते, हे कळायला आम्हाला दोन महिने लागले.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

आधी एक गोंधळ दूर करू. लायपोसक्शनमध्ये त्वचेखालची चरबी शोषून काढतात. ते प्लास्टिक सर्जनचे काम, आणि तो लठ्ठपणावरचा उपचार नव्हे. जठरात बसवला जाणारा फुगा काही महिन्यांनी काढावा लागतो, तीही शस्त्रक्रिया नाही. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेत दुर्बिणीच्या साहाय्याने जठराची, आणि काही प्रकारांत लहान आतड्याचीही रचना बदलली जाते. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात, केळ्यासारखी अरुंद नळी उरते. काढलेला भाग परत जोडता येत नाही. ‘बायपास’मध्ये जठराचा छोटा कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. भूक आणि साखर यांच्याशी निगडित संप्रेरकेही यामुळे बदलतात. म्हणून मधुमेहाच्या अनेक रुग्णांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागते.

कोणाला काय योग्य, हे रुग्णागणिक ठरते. अन्न वर येणे, छातीत जळजळ असा त्रास ज्यांना आधीच जास्त आहे, त्यांचा तो स्लीव्हनंतर वाढू शकतो. त्यामुळे एंडोस्कोपी न करता, जुने रिपोर्ट न चाळता पहिल्याच भेटीत ‘स्लीव्ह करून टाकू’ म्हटले जात असेल, तर ‘मला हीच का?’ हे विचारायलाच हवे.

सर्जनच्या हाताने किती फरक पडतो?

खूप. आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात २० बॅरिॲट्रिक सर्जननी आपल्या बायपास शस्त्रक्रियेचा एकेक व्हिडीओ दिला. इतर सर्जननी, कोणाचा व्हिडीओ आहे हे माहीत नसताना, त्यांच्या कौशल्याला गुण दिले. मग हे गुण आणि त्या सर्जनच्या रुग्णांच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या गेल्या. सर्वात कमी गुणांच्या गटातील सर्जनच्या रुग्णांपैकी १४.५ टक्क्यांना गुंतागुंत झाली होती. सर्वाधिक गुणांच्या गटात हे प्रमाण ५.२ टक्के होते. मृत्यूचे प्रमाण दोन्हीकडे कमी, पण फरक तिथेही होता : ०.२६ आणि ०.०५ टक्के. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २०१३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे प्रत्यक्ष काम करणारे सर्जन होते, शिकाऊ कोणी नव्हते.

याच राज्यातल्या अशाच व्हिडीओ-गुणांवरचा पुढचा अभ्यास २०१६ मध्ये आला, तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वर्षभराने रुग्णांचे वजन किती घटले, हे पाहिले तेव्हा कुशल आणि कमी कुशल सर्जनच्या रुग्णांत म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे सर्जनच्या हाताचा कस लागतो तो पहिल्या काही दिवसांत, रक्तस्राव, गुठळ्या आणि ‘लीक’ टाळण्यात. किलो मात्र दोघांकडेही उतरतात. आता त्या जुन्या-नव्या फोटोंकडे पुन्हा पाहा. सर्जन किती चांगला, हे ज्यावरून ओळखता येत नाही, नेमके तेच आपल्याला दाखवले जात असते.

मग काय विचारायचे?

‘लीक’ म्हणजे स्टेपल मारलेल्या रेषेतून जठरातला द्रव पोटात झिरपणे. असे क्वचित होते, पण वेळेत लक्षात आले नाही तर जिवावर बेतते. आम्ही दोन ठिकाणी गेलो. दोन्हीकडे ताईने एकच प्रश्न विचारला : ‘आजवर किती जणांना लीक झालं?’

पहिल्या केंद्रात ४० मिनिटे काउन्सेलर बोलली आणि सात मिनिटे सर्जन. उत्तर आले, ‘आमच्याकडे लीक होतच नाही.’ निघताना काउन्सेलरने थांबवले, ‘मॅडम, याच महिन्यात तारीख घेतली तर पॅकेजमध्ये ३० हजार कमी करून देऊ.’ टीव्हीच्या शोरूममध्ये असे बोललेले चालते.

दुसऱ्या ठिकाणी सर्जन क्षणभर थांबले. ‘गेल्या वर्षी दोघांना. एकीला परत ओटीत घ्यावं लागलं, एक जण स्टेंटवर बरा झाला. दोघं आजही फॉलोअपला येतात.’ मग त्यांनीच विचारले, ‘रात्री घोरता का? झोपेची तपासणी झालीय?’ ती आणि साखर नीट झाल्याशिवाय तारीख देणार नाही, असेही सांगितले. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, ‘हा माणूस खरं बोलतो.’

शून्य गुंतागुंत सांगणाऱ्या सर्जनने एक तर फारच कमी शस्त्रक्रिया केलेल्या असतात, किंवा तो हिशेब ठेवत नाही, किंवा सांगत नाही. यांपैकी काहीही असले तरी आपल्या उपयोगाचे नाही. दुर्बिणीतून बायपास करण्यात हात बसायला शंभराच्या आसपास शस्त्रक्रिया लागतात, असे जुन्या अभ्यासांत दिसले आहे. अमेरिकेत पूर्ण दर्जाची मान्यता मिळवण्यासाठी केंद्राला वर्षाला किमान ५० शस्त्रक्रिया दाखवाव्या लागतात. आपल्याकडे विचारताना ‘एकूण किती’ एवढ्यावर थांबू नका. माझ्यावर होणार तीच शस्त्रक्रिया गेल्या वर्षभरात किती केल्या, असे विचारा. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओटीत हात तुमचाच असेल ना, हेही.

पदवीचे काय? एमएस (जनरल सर्जरी) किंवा त्यापुढे पोटाच्या शस्त्रक्रियांतील एमसीएच, आणि मग लॅप्रोस्कोपी व बॅरिॲट्रिकची फेलोशिप, हा बहुतेकांचा मार्ग. फेलोशिप कुठे आणि किती काळाची, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. काहींनी वर्षभर केलेली असते, काहींनी शनिवार-रविवारची कार्यशाळा. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. भारतातील बॅरिॲट्रिक सर्जनची ‘ओएसएसआय’ ही संघटना आहे. सदस्यत्व म्हणजे कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे, पण नोंदणी आणि सदस्यत्व दोन्ही नसेल तर पुढे जाऊ नये.

सर्जन चांगला, पण रुग्णालय?

एप्रिल २०२४ मध्ये पुदुच्चेरीचा २६ वर्षांचा एक तरुण चेन्नईच्या उपनगरातील खासगी रुग्णालयात या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाला आणि दगावला. कुटुंबीयांनी माध्यमांना सांगितले त्यानुसार, मोठ्या रुग्णालयात खर्चाचा अंदाज आठ लाखांचा मिळाला होता. मग त्याच सर्जनकडून दुसऱ्या, लहान रुग्णालयात निम्म्याच्या आसपास खर्चात शस्त्रक्रिया ठरली. तमिळनाडूच्या आरोग्य विभागाने चौकशी केली आणि आपत्कालीन स्थिती हाताळण्याच्या सुविधा अपुऱ्या असल्याचे कारण देत रुग्णालयाची नोंदणी तात्पुरती स्थगित केली.

आपल्याकडेही एक सर्जन तीन-चार रुग्णालयांत ‘व्हिजिटिंग’ असतो. सर्जन तोच असला तरी आयसीयू, भूलतज्ज्ञ आणि रात्रपाळीचा डॉक्टर बदलतो. लठ्ठ रुग्णाला भूल देणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाऊ शकते, झोपेत श्वास अडकण्याचा विकार असेल तर त्याहून अधिक. म्हणून भूलतज्ज्ञांना आधी भेटा, आणि आयसीयू त्याच इमारतीत आहे का, रात्री सीटी स्कॅन होतो का, हे पाहून या.

पॅकेज, स्टेपलर आणि विमा

पॅकेजमधला मोठा खर्च स्टेपलरचा. इंजिनिअरिंगला चार वर्षे काढल्याने असेल, पण मला ते यंत्र भलतेच आवडले. एका दाबात ऊतींना पिनांच्या रांगा लागतात आणि मधोमध कापलेही जाते. ऊतीच्या जाडीनुसार पिनांची उंची बदलते, म्हणून वेगवेगळ्या रंगांची कार्ट्रिज येतात. स्लीव्हला साधारण पाच-सहा लागतात आणि प्रत्येक एकदाच वापरायचे असते. ‘स्वस्त पॅकेज’ची काटकसर अनेकदा इथेच होऊ शकते. कोणत्या कंपनीची, किती कार्ट्रिज, हे अंदाजपत्रकात लिहून घ्या.

विम्याचा घोळ वेगळाच. बॅरिॲट्रिक सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये निकष सैल केले. बीएमआय ३५ च्या पुढे असल्यास इतर आजार नसतानाही शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि आशियाई लोकांसाठी ही रेषा त्याहून खाली आहे. विमा नियामक ‘इर्डा’ची २०१९ ची प्रमाणित अट मात्र ४० ची आहे. अनियंत्रित मधुमेह, हृदयरोग किंवा तीव्र स्लीप ॲप्नियासारखा आजार असेल आणि इतर उपाय फसले असतील तर ३५. म्हणजे सर्जनच्या दृष्टीने पात्र असलेल्या रुग्णाचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. ‘क्लेम आम्ही बघून घेऊ’ या तोंडी आश्वासनावर न जाता कंपनीची पूर्वमंजुरी हातात घ्या.

जाहिरातीला बंदी नाही का?

वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने जाहिरात करून रुग्ण मिळवणे गैर आहे. रुग्णाचे फोटो त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करणेही. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, म्हणजे आपली ‘कट प्रॅक्टिस’, तीही निषिद्ध. तरी रील्स चालूच आहेत, कारण जाहिरात डॉक्टरच्या नव्हे तर केंद्राच्या नावाने होते. त्याच नियमांत रुग्णाच्या कामाचे एक कलम आहे : मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय कागदपत्रे मिळायला हवीत. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला ती उपयोगी पडतात. असे मत घेतो म्हटल्यावर सर्जन रुसला, तर निर्णय सोपाच झाला.

नंतर कोण सांभाळते?

पहिल्या दोन आठवड्यांत धडधड वाढणे, ताप, खांद्यात किंवा पोटात दुखणे याकडे दुर्लक्ष करू नये. लीकची खूण अनेकदा आधी नाडीत दिसते. त्यानंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि तपासण्या आयुष्यभर. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती डाळभात खाणाऱ्या घरात, एका वेळी अर्धी वाटी जेमतेम जात असताना भरणे हे गणित आहारतज्ज्ञाशिवाय सुटत नाही. मूल हवे असेल तर शस्त्रक्रियेनंतर साधारण १२ ते १८ महिने थांबायला सांगतात. तीन वर्षांपूर्वीचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात, हे विचारा. सांगणारे फार थोडे भेटतील.

ताईची शस्त्रक्रिया यंदा फेब्रुवारीत, दुसऱ्या सर्जनकडे झाली. नवव्या दिवशी, रविवारी रात्री साडेअकराला तिची नाडी ११८ वर गेली. भाऊजींनी फोन लावला, तो सर्जननी स्वतः उचलला आणि ‘लगेच निघा, मी पोहोचतो’ म्हणाले. रात्री दीड वाजता सीटी स्कॅन झाला. लीक नव्हते, पाणी कमी पडले होते. सलाइन लावून तिसऱ्या दिवशी घरी सोडले.