शितावरून परीक्षा

मराठीत ‘परीक्षा’ हा शब्द शाळेच्या आधी स्वयंपाकघरात रुळला असावा, असा माझा एक लाडका संशय आहे. शितावरून भाताची परीक्षा करणारी गृहिणी कोणत्याही परीक्षक मंडळावर नसते. ती झाकण बाजूला सारते, एक शीत उचलते, दोन बोटांत चेपते. मध्ये कणी लागली नाही की गंज खाली उतरला! निकाल जागच्या जागी, फेरतपासणीचा अर्ज नाही, आणि नापास झालेल्या भाताला दोन वाफा जास्त देऊन पास करून घेण्याची सोय. कागदावरच्या परीक्षांच्या नशिबी हे सुख नाही. म्हणून तर त्या देणारी पोरे रात्र-रात्र तळमळत असतात.

ही पोरे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. आमचे गोंदिया धानाचे आणि भातगिरण्यांचे गाव. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा काढून जिल्हा केला, तेव्हा देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगाव इकडच्या मुलांना शिकायला यायचे गाव हेच झाले. तिघे-चौघे मिळून एक खोली भाड्याने घ्यायची. सकाळी कॉलेज, दुपारी अभ्यासिका, संध्याकाळी पोलीस भरतीसाठी मैदानावर धावणे, आणि ज्याला गरज असेल त्याने रात्री एखाद्या दुकानात हिशेब लिहायचा. त्यात दिवाळी येते. हलका धान कापणीला येतो, घरून ‘ये’ म्हणून निरोप येतो आणि त्याच सुमारास परीक्षेचे वेळापत्रकही लागते. या सगळ्यात जेवणाला जागा कुठे? डबेवाल्याची गार पोळी, नाहीतर टपरीवरचा समोसा. जीव थाऱ्यावर नसतो म्हणून नीट जेवण नाही, आणि नीट जेवण नाही म्हणून जीव थाऱ्यावर नाही, असे ते रहाटगाडगे फिरत राहते.

माझ्या पाहण्यात एक गोष्ट आली आहे. ज्या खोलीत स्वतः हाताने भात-वरण शिजते त्या खोलीतल्या मुलांना गुण जास्त पडतात असे मी म्हणणार नाही; तसा हिशेब मी ठेवलेला नाही. पण ती मुले परीक्षेच्या आदल्या दिवशी समोर आली तर त्यांचे डोळे जागेवर असतात. कारण फार गूढ नसावे. अभ्यासाला शेवट नसतो. कितीही वाचले तरी आणखी वाचायचे उरतेच. भाताला मात्र शेवट असतो. तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे, थोडा वेळ भिजू द्यायचे, जुना तांदूळ असेल तर दुपटीहून किंचित जास्त पाणी घालायचे. एका बाजूला तुरीची डाळ, हळद, हिंग. तेल तापले की जिरे तडतडते. त्या क्षणी नजर कढल्यावर नसेल तर जिरे जळते, म्हणून इतिहासाच्या सनावळ्यांना निमूटपणे दाराबाहेर थांबावे लागते. पाऊण तासात काम संपते आणि ते संपले हे नाकाला, डोळ्यांना, पोटाला कळते. दिवसभर ‘अजून झाले नाही’ एवढेच ऐकणाऱ्या मनाला ‘झाले’ हा एक शब्द ऐकायला मिळतो.

विद्वानांनीही हे तपासून पाहिले आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या टॅमलिन कॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५८ तरुण-तरुणींकडून तेरा दिवस रोजनिशी लिहवून घेतली. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या दिवशी हातून काही नवे घडले, मग ते विणकाम असो, चित्र असो की एखादा नवा पदार्थ असो, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना अधिक उल्हास वाटला. आमच्या आज्यांना हे तेरा दिवसांत कळले नसेल, तेरा वर्षांत कळले असेल. पण त्यांची रोजनिशी कोणी लिहवून घेतली नाही!

विद्यार्थ्याने स्वतः रांधावे ही आपल्याकडे काही आजची टूम नव्हे. पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सात दिवसांची सात घरे, आणि एखाद्या घरी काही निघाले की त्या दिवशी उपास. त्या जेवणात कृतज्ञता होती तसा संकोचही होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढले, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, स्वयंपाकाचे काम स्वतः करीत आणि एका पंक्तीला बसत. वसतिगृहातल्या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही विकले. स्वतः थापलेली भाकरी कशीही वेडीवाकडी झाली, तरी ती खाताना मान खाली घालावी लागत नाही, हा त्या बोर्डिंगातला मोठाच धडा म्हटला पाहिजे.

हे सगळे झाले मुलांचे. मुलींच्या बाबतीत हा विषय इतका सरळ नाही.

आनंदीबाई जोशींची एक हकीकत त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळते. गोपाळराव घरी आले तो अभ्यास टाकून आनंदी आजीला स्वयंपाकघरात मदत करीत बसलेली. गोपाळराव संतापले आणि त्यांनी तिला मारले. स्वयंपाक केला नाही म्हणून मार खाणाऱ्या बायका त्या काळी घरोघरी होत्या. स्वयंपाक केला म्हणून मार खाणारी बहुधा हीच! पुढे मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात वारली. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली आली, तेव्हापासून गोपाळरावांच्या तळमळीविषयी आमच्या वर्गात दरवर्षी वाद होतो. मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. त्या दिवशी त्या मुलीला आजीजवळ काय हवे होते? चुलीची ऊब, दोन गप्पा, घटकाभर इंग्रजी अक्षरांपासून सुटका? तिला ते कोणी विचारलेच नाही. चुलीपाशी जा म्हणणारा जसा धनी, तसा चुलीपाशून ऊठ म्हणणाराही धनीच.

आजही आमच्या वर्गात पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलींपैकी कित्येक पहाटे चारला उठून घरच्या सात-आठ माणसांचे रांधून, मग बस किंवा बल्लारशाकडची गाडी पकडून आलेल्या असतात. त्यांना जाऊन ‘बाई गं, स्वयंपाक कर, मनावरचा ताण हलका होईल’ असे सांगणे म्हणजे हमालाला व्यायामाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

गेल्या वर्षी बी. ए.च्या शेवटच्या वर्गात आमगावकडची एक मुलगी होती. ती आणि तिचा थोरला भाऊ एका खोलीत राहत. भाऊ पोलीस भरतीची तयारी करीत होता. दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्याकडे. त्याला सकाळी मैदानावरून आला की गरम लागे. पहिला तास बुडू लागला तेव्हा मी तिला विचारले. ती म्हणाली, “सैपाक मले आवडते जी मॅडम. पण रोज आवडते का?” मग हळूच दुसरी गोष्ट सांगितली. दादाच्या जेवणाची सोय होते म्हणूनच बाबांनी तिला गोंदियात ठेवले होते. दादाची भरती झाली की खोली सुटणार आणि हिचे शिक्षणही. म्हणजे भावाला यश मिळावे म्हणून देवाला हात जोडायचे, आणि ते मिळाले की आपली वह्या-पुस्तके बांधायची!

आश्विनात तिची आई बांधावरून घसरून पडली आणि मुलगी अठरा दिवस गावी गेली. भावाने तीन दिवस डबा खाल्ला, चौथ्या दिवशी पोट बिघडले, पाचव्या दिवशी बहिणीला फोन केला, “पाणी किती टाकू?” पहिला भात करपला, दुसऱ्याची पेज झाली, तिसरा जमला. बहिणीच्या वह्या घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा सहज विषय निघाला. म्हणाला, “भात शिजेपर्यंत पुस्तक उघडत नाही जी मॅडम. तेवढा वेळ डोकं रिकामं राहते. रात्री झोप लागून राहिली.” दोन वेळा थोडक्यात हुकलेली भरती डोक्यावर घेऊन वर्षभर कूस बदलणारा तो मुलगा. ‘झोप लागून राहिली’ हे तो अशा स्वरात म्हणाला, जसे काही यादीत नाव लागले.

बहीण परतली तेव्हा तिने एकच अट घातली: एक दिवस तू, एक दिवस मी. वडील एकदा तांदळाचे पोते घेऊन आले तो मुलगा डाळ घोटतो आहे आणि मुलगी खिडकीशी वाचते आहे. ते काही बोलले नाहीत. जेवले, हात धुतले आणि जाताना मुलाला म्हणाले, “मीठ थोडं कमी टाकत जाय.”

आणि मोकळ्या संध्याकाळी त्या मुलीने काय करावे? पहिले दोन-तीन दिवस ती नुसती वाचत बसली. मग एका रविवारी शेजारच्या खोलीतल्या मुलींना घेऊन तिने गच्चीवर पानगे केले. जाडसर कणीक, मीठ, ओवा, तेलाचे मोहन. हातावर थापायचे, पळसाच्या दोन पानांमध्ये दाबायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर ठेवायचे. वरचे पान करपते, आतला पानगा खरपूस भाजतो, आणि पानाच्या शिरा त्यावर उमटतात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. कोणी सांगितले नव्हते, कोणी वाट पाहत नव्हते. सोमवारी पहिल्या तासाला ती वेळेवर आली आणि माझ्यासाठी दोन पानगे कागदात बांधून आणले. त्यांना धुराचा वास होता, आणि तो मला फार आवडला.

तिच्या मैत्रिणीने नंतर कुकरमध्ये रव्याचा केकही केला. शिट्टी आणि रबराची कडी काढायची, तळाला वाळू पसरायची, ही जुनीच युक्ती. वाटीभर रवा, पाऊण वाटी साखर, अर्धी वाटी दही, थोडे तूप, लागेल तसे दूध. अर्धा तास भिजले की चिमूटभर खायचा सोडा. दह्याच्या आंबटाशी सोड्याची गाठ पडली की वायू सुटतो आणि मिश्रण फुगते. मग चाळीस मिनिटे मंद आच. मध्येच झाकण उघडले तर केक बसतो, म्हणून घाईच्या स्वभावाला तो विशेष मानवतो.

भावाचे नाव त्या भरतीत लागले नाही. बहीण पास झाली आणि वडिलांनी एम. ए.चा अर्ज भरायला स्वतः पैसे आणून दिले; दिवसाआडची पाळी चालू आहे. परवा गावाकडून नव्या हलक्या धानाचे तांदूळ आले. नवा तांदूळ पाणी कमी पितो हे भावाला कुणी सांगितले नव्हते, त्याने जुन्याच मापाने पाणी घातले आणि भाताचा गिचका झाला. बहिणीने त्यात ताक, मीठ आणि चुरडलेली हिरवी मिरची कालवली, वर सांभार घातला आणि दोघांनी गंज चाटूनपुसून रिकामा केला.