‘व्हिंटेज’ नावाचे विशेषण

बजाजनगरात जुन्या स्कूटरची जाहिरात वाचताना आम्हांस नेहमी प्रश्न पडतो, की इथल्या माणसाला ही भाषा लिहवते तरी कशी? वाळूजचा बजाजचा कारखाना 1985चा. त्याच्या आधाराने वाढलेल्या या वसाहतीत इंजिन उघडून पाहिलेली माणसे गल्लोगल्ली. आणि जाहिरातीत मात्र नुसती विशेषणे: ‘व्हिंटेज’, ‘ओरिजिनल’, ‘कंडिशन एक नंबर’. साल नाही, चेसिस नंबर नाही, आरसी बुक कोणाच्या नावावर तेही नाही.

‘व्हिंटेज’ला 2021पासून नियमांत नेमका अर्थ आहे: पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली, आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचे. म्हणजे वाळूजची पहिलीवहिली गाडीसुद्धा 2035पूर्वी या शब्दाला पात्र नाही! शिवाय तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, फार तर पेट्रोल भरायला.

खरा धोका मात्र ‘ओरिजिनल’मध्ये आहे. तीन गाड्यांचे भाग जोडून केलेली एक गाडी रंगाच्या एका हाताखाली सहज खपते. शेजारच्या पैठणच्या नाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीतले अपपाठ दूर केले. इथे चेसिसवर कोरलेला आकडा आरसीशी ताडून पाहणे हीच पाठचिकित्सा. तो घासलेला दिसला तर गाडी चोरीची असण्याचीही शक्यता उरते, आणि मग प्रश्न पैशांपुरता राहत नाही.

विकणाऱ्याने फोनवर आकडा सांगायचे टाळले, तर आम्ही पत्ता विचारीत नाही.