सर्व्हर आपला, भाडे मात्र दरवर्षी

बेळगाव : सीमाभागातल्या एखाद्या पतसंस्थेच्या किंवा सहकारी बँकेच्या सभासदाला व्हीएमवेअर हे नाव ठाऊक असायचे कारण नाही. पण त्याच्या ठेवीचा हिशेब ज्या सर्व्हरवर चालतो, तिथे हेच सॉफ्टवेअर असू शकते. म्हणून अमेरिकेतला एक सौदा आपल्याही कामाचा आहे.

हे सॉफ्टवेअर एका दणकट सर्व्हरचे अनेक आभासी सर्व्हर करते. एकावर ठेवी, दुसऱ्यावर पगार, तिसऱ्यावर ईमेल. एक यंत्र बंद पडले, तर त्यावरची कामे शेजारच्या यंत्रावर पुन्हा सुरू करता येतात. अशी यंत्रणा एका संस्थेने फक्त स्वतःसाठी उभारली की तो झाला प्रायव्हेट क्लाउड.

नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने सुमारे 69 अब्ज डॉलरना व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद झाली. जुने लायसन्स वापरता येते, पण त्याच्या सपोर्टचे नूतनीकरण थांबले. आता मुदतीचे भाडे भरायचे, तेही प्रोसेसरच्या कोअरवर. प्रोसेसरमध्ये 8 कोअर असले तरी मोजणी किमान 16 ची. अमेरिकेतील एटी अँड टी आणि ब्रिटनमधील टेस्को यांच्यासारखे मोठे ग्राहक यावरून कोर्टात गेले. त्यातून लहान संस्थेने काय ते समजावे.

वाणिज्य शाखेच्या माणसाला इथे ताळेबंद दिसतो. पूर्वी लायसन्स ही मालमत्ता होती. एकदा घेतली की दरवर्षी थोडी थोडी खर्ची पडायची. आता तो थेट चालू खर्च झाला. आणि पुढच्या वेळी भाडे किती, हे मालक ठरवणार.

मग दुसरीकडे जावे का? पर्याय आहेत. केव्हीएम हे तंत्र 2007 पासून लिनक्समध्येच आहे. व्हिएन्नाच्या कंपनीचे प्रॉक्समॉक्स त्यावरच चालते आणि लायसन्सचे पैसे न भरता वापरता येते. पण फुकटचे म्हणून स्वस्त, असा हिशेब करू नये. आभासी सर्व्हर हलवायचे, बॅकअपची घडी नव्याने बसवायची, माणसे शिकवायची आणि मुख्य सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याची संमती घ्यायची. एवढे सगळे मार्चअखेरच्या गडबडीत होत नाही. दुसरीकडे, जुन्या आवृत्तीवर निवांत बसणेही धोक्याचे. व्हीस्फिअर 7 चा नेहमीचा सपोर्ट 2 ऑक्टोबर 2025 रोजी संपला.

त्यामुळे सॉफ्टवेअर कुठले हा प्रश्न दुय्यम. वार्षिक सभेत सभासदांनी संचालकांना तीन गोष्टी विचाराव्यात. आपला करार कधी संपतो? भाडे दुप्पट झाले तर तरतूद आहे का? आणि उद्या बाहेर पडायचे ठरले, तर बॅकअप दुसऱ्या यंत्रणेवर उघडतो का, हे कुणी एकदा तरी करून पाहिले आहे का?

तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर सर्व्हर आपल्या खोलीत असूनही त्याची किल्ली आपल्याकडे नाही, असेच समजायचे.