फोल्डिंग पेटीला नावं ठेवणाऱ्यांनो...

मंडळी, पेटी घ्यायचीय असं नुसतं म्हणून बघा, सल्लागार रांग लावतात. "घ्यायची तर फिक्स घे. फोल्डिंगला आवाज नाही बे!" नागपुरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं सुरू केलं की उरलेलं मीच म्हणून टाकतो.

का नाही आवाज? याचं उत्तर मात्र कोणी देत नाही. अहो, पितळी रीड्स, त्या बसवलेली फळी आणि भात्याची हवा, पेटीचा सूर यातून येतो. फोल्डिंगमध्ये हे सगळं असतंच. फक्त पट्ट्यांचा भाग खोक्यात खाली बसतो, वाजवताना वर उचलून कड्या लावायच्या. एकसंध खोक्याचा घुमारा थोडा भरीव असतो, मान्य. पण रीड्स भिकार असतील तर फिक्स पेटीसुद्धा भिकारच वाजणार ना?

खरा आक्षेप आहे तो सांध्यातून हवा गळण्याचा. नागपूरचा मे महिना आणि त्यानंतरचा पावसाळा, लाकूड आधी आकसतं, मग फुगतं. म्हणून दुकानात भाता पूर्ण भरायचा, एकही पट्टी न दाबता सोडायचा आणि तो किती वेळ तग धरतो ते बघायचं. झटकन बसला तर उठून निघायचं. ही परीक्षा फिक्स पेटीलाही लावा, मजा येईल :)

आणि हो, फोल्डिंग हलकी असते हा दुकानदारांचा प्रचार. वजनात फारसा फरक नसतो. फायदा एवढाच की तिचं खोकं हीच तिची बॅग, पट्ट्या आणि भाता आत सुरक्षित.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची तर गंमतच आहे. 1842 मध्ये पॅरिसमध्ये दबँनं पेटंट घेतलं ते पायानं भाता मारायच्या वाद्याचं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी 1875 च्या सुमारास त्याचे पाय काढले, भाता मागे नेला आणि पेटी बैठकीत आणली. म्हणजे तुमची 'अस्सल' फिक्स पेटी हीच मुळात सोयीसाठी केलेली काटछाट! आकाशवाणीनं 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दाराबाहेर ठेवलं, तेही शुद्धतेच्याच नावाखाली. तेव्हा पेटीवाले चिडले होते. आता तेच फोल्डिंगवाल्यांना हिणवतात. असो.

माझ्या पिढीची अडचण वेगळी आहे. नोकरी पुण्याला नाहीतर बंगलोरला, दर 11 महिन्यांनी नवा फ्लॅट. लहानपणी सात-आठ वर्षं शिकलेली कितीतरी पोरं पेटी धंतोलीच्या घरी कपाटावर ठेवून गेलीयत, जुन्या चादरीत गुंडाळून. फिक्सच ती, एकदम भरीव आवाजाची! त्यातल्या कोणी गुरुजींना विचारलंच की "फोल्डिंग घेऊ का?", तर कृपा करून नाक मुरडू नका. त्याच्यासोबत दुकानात जा आणि भाता भरून बघा.